काळजीचा कागद: गंभीर आजारी मुलांच्या वैयक्तिक आराखड्याचा इतिहास

१/
मोठ्या रुग्णालयातून गावी परतणाऱ्या गंभीर आजारी मुलाबरोबर कागदांची एक जाड पिशवी येते. तपासण्यांचे अहवाल, एक्स-रे, औषधांच्या चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्ड. या कागदांत आजाराची सर्व हकीकत असते. परंतु रात्री दोन वाजता मूल वेदनेने कळवळू लागले तर कोणते औषध किती द्यायचे, कोणाला फोन करायचा, पुन्हा शहर गाठायचे की घरीच थांबायचे, याचे उत्तर त्यांत क्वचितच सापडते.

२/
हे उत्तर आधीच, शांतपणे, त्या एका मुलापुरते लिहून ठेवण्याच्या कागदाला ‘वैयक्तिक काळजी आराखडा’ म्हणतात. दिसायला तो दोन-तीन पानांचा तक्ता असतो. त्याच्यामागे मात्र तीन वेगवेगळ्या इतिहासांचे प्रवाह आहेत: हॉस्पिसची चळवळ, बालकांचा कायदा आणि खेड्यातील आरोग्यसेवा. यांतील दोन प्रवाह थेट अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून वाहतात. हा धागा त्या तिन्हींचा.

३/
आरंभी एक खुलासा. पॅलिएटिव्ह केअरला मराठीत ‘परिहार सेवा’ हा शब्द रूढ होऊ लागला आहे. ती केवळ अखेरच्या दिवसांची सेवा आहे, हा समज चुकीचा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्ये मुलांसाठी केलेली मांडणी स्पष्ट आहे: निदान झाल्या दिवसापासून ही सेवा सुरू व्हावी, आजारावरचे उपचार चालू असोत वा नसोत ती चालू राहावी, आणि तिने शरीर, मन व कुटुंब या सर्वांचा भार हलका करावा.

४/
मुलांसाठी वेगळी मांडणी का करावी लागली? कारण मुलांच्या वेदनेवर वैद्यकशास्त्राचा विश्वासच उशिरा बसला. नवजात बाळाची मज्जासंस्था अपरिपक्व असल्याने त्याला मोठ्यांसारखी वेदना होत नाही, असे मानले जाई. अनेक ठिकाणी नवजात अर्भकांवरील शस्त्रक्रिया अगदी अपुऱ्या भुलीखाली होत. १९८७ मध्ये मूळ भारतीय असलेले डॉक्टर कन्वलजीत सिंग आनंद आणि पॉल हिकी यांनी एका विस्तृत लेखात हा समज पुराव्यांनिशी खोडून काढला. म्हणजे ही गोष्ट जेमतेम चार दशकांची आहे.

५/
तोपर्यंत प्रौढांसाठी हॉस्पिसची चळवळ उभी राहिली होती. १९६७ मध्ये लंडन येथे सिसिली सॉन्डर्स यांनी सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केले. शरीराची वेदना, मनाची भीती, घरच्यांची चिंता आणि श्रद्धेचे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून वेदना ‘समग्र’ असते, ही त्यांची मांडणी. परंतु ती घडली मुख्यतः कर्करोगाने ग्रस्त प्रौढांच्या सहवासात. मुलांचे आजार, त्यांची लांबी आणि मुलांची भाषा, तिन्ही निराळी होती.

६/
मुलांसाठीचे जगातील पहिले हॉस्पिस नोव्हेंबर १९८२ मध्ये ऑक्सफर्ड येथे उघडले. नाव ‘हेलन हाऊस’. हेलन ही मेंदूतील गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर पूर्णतः परावलंबी झालेली लहान मुलगी. तिचे आईवडील तिला घरी सांभाळत. परिचारिका म्हणून शिकलेल्या सिस्टर फ्रान्सिस डॉमिनिका यांची त्या कुटुंबाशी मैत्री जुळली, आणि आईवडिलांना विसावा मिळावा म्हणून त्या हेलनला अधूनमधून आपल्या मठात ठेवून घेऊ लागल्या. त्या मैत्रीतून अवघ्या आठ मुलांची सोय असलेले घर उभे राहिले.

७/
आराखड्याचे बीज इथे आहे. वर्षानुवर्षे एकाच आईने सांभाळलेले मूल काही दिवसांसाठी दुसऱ्याच्या हाती सोपवायचे, तर आईला ठाऊक असलेल्या शेकडो बारीक गोष्टी त्या हातांना कळायला हव्यात. कोणत्या कुशीवर झोप लागते, घास किती मऊ हवा, झटका येण्यापूर्वी डोळे कसे होतात. या गोष्टी कोणत्याही केसपेपरात नव्हत्या. आईचे ज्ञान दुसऱ्याला वाचता यावे अशा रूपात आणणे, हे आराखड्याचे पहिले काम ठरले.

८/
१९९७ मध्ये ब्रिटनमधील बालरोगतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने आणि एका सहयोगी संस्थेने अशा मुलांचे चार गट मांडले. बरे करणारे उपचार आहेत पण अयशस्वी ठरू शकतात, उदाहरणार्थ कर्करोग. आयुष्य अल्प आहे पण उपचारांनी दीर्घकाळ चांगला जातो, जसे स्नायूंचा ड्युशेन आजार. आजार हळूहळू वाढतच जातो. आणि आजार वाढत नाही पण गंभीर अपंगत्वामुळे जिवाला धोका राहतो, जसे तीव्र सेरेब्रल पाल्सी. चार गट, चार निराळ्या वाटा. एकच छापील सूचनापत्र सर्वांना पुरणार नाही, हे यातून उघड झाले.

९/
आता मुंबईकडे. टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि महाराष्ट्राच्या गावोगावचे कर्करुग्ण परळची वाट चालू लागले. तेथीलच शल्यचिकित्सक डॉ. लुइस जुझे डिसोझा यांनी १९८६ मध्ये वांद्रे येथे शांती आवेदना आश्रम स्थापन केला. तो भारतातील पहिला हॉस्पिस. उपचार संपलेल्या रुग्णाला ‘आता घरी न्या’ एवढेच सांगण्यापलीकडे काही करता येते, हे या वास्तूने दाखवून दिले.

१०/
याच सुमारास एक अडथळा उभा राहिला. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मॉर्फिनसाठी परवान्यांची इतकी साखळी घातली आणि चुकीला इतकी कठोर शिक्षा ठेवली की औषध दुकानांनी आणि रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले. जो देश औषधांसाठी कायदेशीररीत्या अफू पिकवतो, त्याच देशात वैद्यकीय मॉर्फिनचा वापर घसरत गेला. वेदनेवरचे सर्वांत परिणामकारक आणि स्वस्त औषध डॉक्टरांच्या एका पिढीने हाताळलेच नाही. मुलाला मॉर्फिन देण्याची भीती तर त्याहून मोठी.

११/
१९९६ मध्ये टाटा रुग्णालयात परिहार सेवेचा विभाग सुरू झाला. १९९७ मध्ये पुण्याजवळ वारजे येथे सिप्लाच्या न्यासाचे केंद्र उभे राहिले. परंतु लहान रुग्णांची अडचण उपचारांपूर्वीच सुरू होई: मुंबईत राहायचे कोठे? कोणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळवी, कोणी पदपथावर दिवस काढी. २००६ पासून सेंट ज्यूड संस्थेने अशा कुटुंबांसाठी निवासकेंद्रे उघडली. तरी अखेरीस गाडी गावाकडेच वळे, आणि गावी त्या मुलाला ओळखणारे वैद्यकीय माणूस नसे.

१२/
दुसरा प्रवाह इथून सुरू होतो, तो अहमदनगर शहरात. १९८९ मध्ये गिरीश कुलकर्णी यांनी ‘स्नेहालय’ ही संस्था सुरू केली. देहविक्रयाच्या वस्तीतील स्त्रिया आणि त्यांची मुले यांच्यासाठी ते काम होते. काही वर्षांतच एचआयव्हीने या कामाचे स्वरूप पालटले. भारतात हा विषाणू प्रथम १९८६ मध्ये चेन्नईत आढळला होता. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात आईकडून संसर्ग झालेली आणि आईवडील गमावलेली मुले दिसू लागली.

१३/
या मुलांना नातलग नाकारत, शाळा नाकारत, कधी रुग्णालयेही. त्यांना आसरा देण्यास स्वयंसेवी संस्थाच पुढे आल्या. पुण्यात विजयाताई लवाटे यांनी १९९७ मध्ये ‘मानव्य’ स्थापन केली, नंतर पंढरपुरात ‘पालवी’ उभी राहिली, नगरमध्ये स्नेहालय होतेच. आजाराला रोखणारी औषधे तेव्हा गरिबाच्या आवाक्याबाहेर होती. परिहार सेवा हे नाव कोणी घेत नव्हते. तरी ताप उतरवणे, जखमा धुणे, घशातील फोडांमुळे गिळता न येणाऱ्या मुलाला थेंबाथेंबाने पाजणे आणि त्याला एकटे मरू न देणे, हे सर्व तेच काम होते.

१४/
मग औषधे आली. १ एप्रिल २००४ पासून सरकारने एआरटी मोफत देण्यास आरंभ केला. २००६ च्या अखेरीस मुलांसाठी वेगळ्या मात्रेच्या गोळ्यांचा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. ज्या मुलांच्या मृत्यूची तयारी सांभाळणाऱ्यांनी मनात केली होती, ती मुले वाढू लागली, दहावीला बसू लागली. आता प्रश्न निराळे होते. त्याला आपला आजार कोणत्या वयात सांगायचा? वसतिगृहात गोळी कोणासमोर घ्यायची? लग्नाचे काय? आजार तोच, मूल तेच, आराखडा मात्र पूर्ण बदललेला. एकदा लिहिलेला आराखडा कायमचा नसतो, हा धडा या मुलांनी दिला.

१५/
याच वर्षांत ‘वैयक्तिक काळजी आराखडा’ हा शब्दप्रयोग कायद्यातून आला. बाल न्याय अधिनियम २००० मध्ये काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकांच्या व्याख्येत असाध्य आजार असलेली आणि सांभाळणारे कोणी नसलेली मुले स्पष्टपणे नमूद होती. २००७ च्या नियमांनी अशा प्रत्येक मुलासाठी त्याचे वय, गरजा आणि पूर्वेतिहास पाहून, त्याच्याशी बोलून, आराखडा करण्यास सांगितले. २०१५ च्या अधिनियमात कलम ३९ ने पुनर्वसनाचा पाया म्हणून तो कायम केला, आणि २०१६ च्या नियमांत त्याचा ठरावीक नमुना जोडला गेला.

१६/
त्या नमुन्यातील मथळे पाहण्यासारखे आहेत. आरोग्य व आहार, भावनिक गरजा, शिक्षण, खेळ व विरंगुळा, नातेसंबंध, छळापासून संरक्षण, समाजात परतण्याची तयारी. हेलन हाऊसच्या परंपरेत घडलेल्या आराखड्यातही जवळजवळ हेच रकाने आढळतात. एक कागद न्यायव्यवस्थेने घडवला, दुसरा शुश्रूषेने; दोघांची गाठ कोणी घालून दिली नव्हती. तरीही मुलाला आजारापुरते किंवा गुन्ह्यापुरते न पाहता संपूर्ण पाहायचे, या एकाच निष्कर्षावर दोन्ही पोहोचले.

१७/
मात्र कायद्याची मर्यादाही इथेच उघड होते. बालकल्याण समितीसमोर येणारे मूल निराधार असते, म्हणून त्याच्या आराखड्याची जबाबदारी कोणावर तरी येते. ज्या आजारी मुलाला आईवडील आहेत, प्रेम आहे, पण पैसा, औषध आणि सल्ला नाही, त्याला हा कायदा आराखडा देत नाही. संस्थेतील मुलाच्या नावाची फाइल असते. घरातल्या मुलाची काळजी एकट्या आईच्या स्मरणशक्तीवर उभी असते. ती आजारी पडली किंवा कामावर गेली की सारी माहिती तिच्याबरोबर जाते.

१८/
तिसरा प्रवाह याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावाने निवडलेल्या स्त्रिया, त्यांतील अनेक निरक्षर आणि दलित कुटुंबांतील, आरोग्यसेविका झाल्या. त्या ठरावीक दिवशी जामखेडला जमत, शिकत आणि परत जाऊन घरोघर फिरत. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७५ च्या एका ग्रंथात या प्रयोगावर प्रकरण आले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

१९/
जामखेडचा प्रकल्प बालकांच्या परिहार सेवेसाठी निघाला नव्हता. त्याचे शत्रू कुपोषण, हगवण, बाळंतपणातील मृत्यू आणि कुष्ठरोगाविषयीची घृणा हे होते. तरी त्याने जे सिद्ध केले ते इथे मोलाचे ठरते. काम नेमके समजावून दिले, मागे विचारायला डॉक्टर असला आणि गावाचा विश्वास असला, तर कमी शिकलेली स्त्रीही कठीण आरोग्यसेवा अचूक देते. रात्री दोनच्या प्रश्नाला उत्तर द्यायला दीडशे किलोमीटरवरचा तज्ज्ञ उपयोगी पडत नाही. चार घरे पलीकडची बाई पडते.

२०/
हे तत्त्व परिहार सेवेत प्रत्यक्ष उतरवले केरळने. १९९३ मध्ये कोझिकोडला वेदनामुक्तीचे काम सुरू झाले. शतकाच्या वळणावर मलप्पुरम आणि आसपासच्या जिल्ह्यांत शेजारपाजारच्या स्वयंसेवकांची जाळी उभी राहिली. २००८ मध्ये केरळने परिहार सेवेचे राज्य धोरण जाहीर केले. परंतु तेथेही मुख्य रुग्ण प्रौढ होते. मुलांच्या सेवेचा सुसूत्र प्रयोग व्हायचा होता, आणि तो महाराष्ट्रात झाला.

२१/
२०१० मध्ये ब्रिटिश सरकारच्या निधीतून महाराष्ट्रात बालकांच्या परिहार सेवेचा प्रकल्प सुरू झाला. टाटा रुग्णालयाच्या डॉ. मेरी अ‍ॅन मुकादन, भारतीय परिहार सेवा संघटना आणि बालकांच्या परिहार सेवेचे आंतरराष्ट्रीय जाळे यांचा त्यात सहभाग होता. निवडलेल्या ठिकाणांत मुंबईचे सायन रुग्णालय होते, तसेच जव्हारचे सरकारी कुटीर रुग्णालयही. त्या वेळी ठाणे जिल्ह्यात असलेला जव्हार तालुका नव्वदच्या दशकातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे राज्याच्या स्मरणात होता.

२२/
जव्हारसारखे ठिकाण निवडण्यामागे मोठा अर्थ होता. गंभीर आजारी मूल म्हटले की कर्करोग आठवतो. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने २०१४ मध्ये निघालेल्या जागतिक आढाव्यानुसार, परिहार सेवेची गरज असलेल्या मुलांत कर्करोगाचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपासच आहे. जन्मजात व्यंगांचा वाटा सुमारे २५ टक्के. त्यापाठोपाठ नवजात काळातील आजार, तीव्र कुपोषण, मेंदूज्वर, एचआयव्ही. अशी बहुतेक मुले परळपर्यंत पोहोचतच नाहीत. ती वाडीवरच्या घरात, गोधडीवर असतात.

२३/
पुढील चार वर्षांत कागदावर बरेच काही घडले. २०१२ मध्ये केरळमागोमाग महाराष्ट्राने परिहार सेवेचे धोरण स्वीकारले. त्याच वर्षी केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला गेला. फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ पालघरहून झाला. अंगणवाडी आणि शाळांतील मुलांची तपासणी त्यातून होऊ लागली. २०१४ मध्ये अमली पदार्थ कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त रुग्णालयांना मॉर्फिन ठेवणे सोपे झाले. मुले शोधण्याची यंत्रणा आणि औषधाची वाट, दोन्ही आता अस्तित्वात होत्या.

२४/
आता प्रत्यक्ष आराखडा. त्याची पहिली ओळ मुलाचे नाव आणि घरी त्याला हाक मारतात ते नाव. दुसरी ओळ वजन. मुलांच्या औषधाची मात्रा वजनाच्या किलोमागे ठरते. मूल वाढले किंवा खंगले की जुनी मात्रा चुकीची होते. म्हणून वजनाशेजारी तारीख हवीच. मॉर्फिन लिहिले की शेजारी शौचास साफ होण्याचे औषध लिहायचे, कारण बद्धकोष्ठता हमखास होते. नियमित मात्रा निराळी, आणि मधेच उसळणाऱ्या वेदनेसाठीची जादा मात्रा निराळी.

२५/
दुखते आहे हे ओळखायचे कसे? बोलणाऱ्या मुलाला हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची पट्टी दाखवता येते. न बोलणाऱ्यासाठी १९९७ मध्ये अमेरिकेत एक मोजपट्टी तयार झाली: चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत पटणे यांवर गुण द्यायचे. पण सेरेब्रल पाल्सीचे मूल वेदनेत रडण्याऐवजी कधी एकदम गप्प होते, कधी हसल्यासारखे करते. म्हणून २००६ च्या सुधारित पट्टीत मोकळी जागा ठेवली गेली. तेथे आईवडील आपल्या मुलाच्या वेदनेची खूण स्वतः लिहितात. एका आईचे निरीक्षण अशा रीतीने वैद्यकीय मापनाचा अधिकृत भाग बनले.

२६/
मग येतो ‘असे झाले तर’ हा भाग. झटका आला तर किती मिनिटे वाट पाहायची, नाकात कोणते औषध फवारायचे. श्वास लागला तर कसे बसवायचे. ताप चढला तर कोणती मर्यादा ओलांडल्यावर निघायचे. १०८ ची रुग्णवाहिका आली तर चालकाबरोबरच्या डॉक्टरला कोणता कागद दाखवायचा. आणि सर्वांत अवघड प्रश्न: पुन्हा अतिदक्षता विभागात न्यायचे का? हा निर्णय रडारडीत, दारात गाडी उभी असताना घ्यावा लागू नये, यासाठीच आराखड्यावर आधी बसून बोलायचे असते.

२७/
एक रकाना मुलाशी काय बोलायचे याचा. घरातील मोठी माणसे ‘त्याला काही कळत नाही’ असे म्हणतात. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मायरा ब्लूबाँड-लँगनर यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांमध्ये राहून केलेले संशोधन १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन ते नऊ वर्षांच्या त्या मुलांना कोणी सांगितले नसतानाही आपण मरणार हे कळले होते. आईवडिलांना दुःख होऊ नये म्हणून तीच न कळल्याचे सोंग करीत. मूल कोणापाशी मोकळे बोलते, आजी, शिक्षक की शेजारचा मित्र, हे म्हणूनच आराखड्यात लिहायचे असते.

२८/
कायद्याने या कागदाला मृत्युपत्राचा दर्जा नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात उपचार नाकारण्याचे आगाऊ निर्देश मान्य केले, पण ते केवळ सज्ञान व्यक्तीसाठी. मुलाच्या बाबतीत आईवडील आणि डॉक्टर यांच्यातील संवाद हाच आधार. त्यामुळे आराखडा हा करार नसून समजुतीची नोंद आहे. ‘व्हेंटिलेटर नको’ असे लिहून दिलेल्या आईला ऐनवेळी मन बदलण्याचा पूर्ण अधिकार असतो, आणि चांगल्या आराखड्यात तेही लिहिलेले असते.

२९/
अहिल्यानगर जिल्ह्यात या कागदाची एक खास कसोटी आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कुटुंबे कारखान्यांकडे निघतात आणि गळीत हंगाम संपेपर्यंत कोपीत राहतात. आजारी मूल एक तर त्यांच्याबरोबर फडावर जाते, किंवा गावी आजीजवळ राहते. पहिल्या स्थितीत आशाताई बदलते, दुसऱ्या स्थितीत सांभाळणारी बदलते. अकोल्याच्या डोंगरातील ठाकर आणि महादेव कोळी वाड्यांत अडचण वेगळी: तेथे माणूस तोच राहतो, पण दवाखाना दूर. अशा वेळी मुलाबरोबर प्रवास करू शकणारी आणि नव्या माणसाला वाचता येणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलेली ती दोन पाने.

३०/
या कागदावर आक्षेपही आहेत, आणि ते खरे आहेत. नमुना ठरला की रकाने भरण्याची सवय लागते. ‘भावनिक गरजा’ या मथळ्याखाली सर्व मुलांसाठी तेच वाक्य उतरवले गेले, तर तो आराखडा वैयक्तिक उरत नाही. मोबाइल क्रमांक लिहिला पण उचलणारे कोणी नाही, मॉर्फिन लिहिले पण तालुक्यात ते मिळत नाही, तर कागद कुटुंबाची फसवणूक ठरतो. कोणताही आराखडा त्याच्यामागच्या माणसांइतकाच आणि औषधांच्या पुरवठ्याइतकाच खरा असतो. म्हणूनच तो करताना आधी हे पाहावे लागते की लिहिलेल्या प्रत्येक ओळीसाठी कोणी तरी उत्तरदायी आहे.

३१/
तरी या इतिहासातून एक गोष्ट स्पष्टपणे पुढे येते. ऑक्सफर्डच्या मठात, नगरच्या बालगृहात, जामखेडच्या प्रशिक्षणवर्गात आणि जव्हारच्या रुग्णालयात काम करणाऱ्यांचे प्रश्न निराळे होते. मात्र मुलाला सर्वांत जवळून ओळखणाऱ्या माणसाचे ज्ञान वाया जाऊ द्यायचे नाही, ही गरज चारही ठिकाणी होती. आजार सारखा असला तरी दोन मुले सारखी नसतात. एकाला वेदनेपेक्षा सुईची भीती अधिक, दुसऱ्याला शाळा सुटल्याचे दुःख अधिक.

३२/
चौदा तालुक्यांच्या आणि राज्यात क्षेत्रफळाने सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात या कामाचे बहुतेक सुटे भाग हजर आहेत: घरोघर जाणाऱ्या आशाताई, मुलांची तपासणी करणारी पथके, जिल्हा रुग्णालय, अनुभवी संस्था, मुंबई-पुण्याचे तज्ज्ञ. त्यांना एका मुलाच्या घरापर्यंत जोडणारा दुवा म्हणजे हा कागद. त्याच्या शेवटच्या ओळीत एक तारीख असते: आराखडा पुन्हा केव्हा पाहायचा, आणि कोणी यायचे. आईच्या दृष्टीने साऱ्या पानांत तीच ओळ महत्त्वाची. त्या दिवशी कोणी तरी दारात येणार आहे, एवढे ती ओळ सांगते.